साहेबांची शाळा : हैदराबादच्या स्टाफ कॉलेजची सत्तर वर्षे

हैदराबादेत खैरताबादहून राजभवन रस्त्याला लागले की झाडीत बुडालेले एक जुने आवार दिसते. फाटकावरचे नाव लांबलचक आहे : ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया. एवढे उच्चारायची वेळ कोणावर येत नाही. जुनी मंडळी ‘स्टाफ कॉलेज’ म्हणतात, नवी ‘ॲस्की’. आत जो वाडा आहे त्याचे नाव बेला व्हिस्टा, म्हणजे सुंदर देखावा. हुसेनसागर इथून जवळच आहे.

वाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांचे ते निवासस्थान होते. त्यांचा किताब ‘प्रिन्स ऑफ बेरार’. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड. वऱ्हाडचा प्रत्यक्ष कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे गेलेला. तरी १९३६ च्या करारानंतर त्या मुलखाचे युवराजपद निजामाच्या मुलाला मिळाले. अकोल्या-अमरावतीचा माणूस या वाड्यात आला की त्याला हसू यावे अशीच ही गोष्ट आहे. हुद्दा आहे, हुकूम नाही! अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की काम कसे अडते, हा व्यवस्थापनाच्या वर्गातला नेहमीचा धडा. तो शिकवायला याहून योग्य इमारत भारतात सापडली नसती.

या संस्थेला आता सत्तर वर्षे होत आहेत. एवढ्या काळात इथे किती अधिकारी, व्यवस्थापक आणि संचालक येऊन गेले, किती अभ्यास झाले, याची जंत्री देणे हा या लेखाचा हेतू नाही. विकसनशील देशात धंद्याचा आणि कारभाराचा अभ्यास कसा करायचा, हे कोणालाच नीट माहीत नव्हते तेव्हा या संस्थेने तो सुरू केला. ती वाट कशी पडली, एवढेच इथे सांगायचे आहे. त्या वाटेवर दोन मराठी नावे अगदी सुरुवातीलाच भेटतात, म्हणून मराठी वाचकाला हा इतिहास थोडा घरचा वाटेल.

पहिले दशक (१९५६ ते १९६५) : उसनी पद्धत, आपली माणसे

१९५६ हे साल ध्यानात घ्यावे. दुसरी पंचवार्षिक योजना त्या वर्षी सुरू झाली. ३० एप्रिलला औद्योगिक धोरणाचा ठराव आला आणि मोठे, मूलभूत उद्योग सरकारने काढायचे हे ठरले. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर इथल्या पोलाद कारखान्यांची आखणी चालू होती. आमच्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिलीच होती. त्याआधीच्या वर्षी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली होती. १९५६ च्या सप्टेंबरात २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ निघाले.

कारखाने, बँका आणि महामंडळे निघाली, पण ती चालवणार कोण? खासगी धंद्यात मॅनेजिंग एजन्सीची पद्धत होती आणि वरच्या जागा घरातल्यांच्या. सरकारात आयसीएसची पिढी होती. जिल्हा सांभाळणे, दुष्काळ हाताळणे, दंगल आवरणे यांत ती तरबेज. पण जिल्ह्याला नफा-तोटा पत्रक नसते, आणि कारखान्यातला माल ठरल्या दिवशी निघाला नाही तर नुसती फाइल पुढे सरकवून भागत नाही. ए. डी. गोरवाला यांनी १९५१ मध्येच सरकारी उपक्रमांच्या कारभारावर अहवाल लिहून हा धोका दाखवला होता. १९५३ मध्ये पॉल ॲपलबी या अमेरिकन तज्ज्ञाने भारतातल्या प्रशासनाची पाहणी केली. त्या सगळ्या चर्चेच्या ओघात, भारत सरकार आणि उद्योगजगत यांनी मिळून ही संस्था काढली. सरकारी खाते नाही, विद्यापीठाचा विभाग नाही, स्वतःच्या कमाईवर चालणारी स्वायत्त संस्था. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम १९६१ च्या. म्हणजे हे कॉलेज त्यांच्याहून पाच वर्षांनी थोरले.

नमुना इंग्लंडचा घेतला. थेम्सच्या काठी हेन्लीला ग्रीनलँड्स नावाच्या वाड्यात १९४५ मध्ये स्थापन झालेले ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज होते. लढाईत सेनाधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेज असते, तसे शांततेच्या काळात कारभाऱ्यांसाठी असावे, ही कल्पना. तिथे वाडा आणि पाणी, इथेही वाडा आणि पाणी. बेला व्हिस्टाची निवड करताना संस्थापकांच्या डोळ्यांपुढे हेन्ली होती असे सांगतात.

त्याच वर्षी या शहराच्या डोक्यावर मात्र वेगळेच वादळ होते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले. तेलंगण आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. काचीगुडा आणि सुलतान बाजार भागातल्या कित्येक मराठी घरांतला कर्ता माणूस फाइलींच्या गठ्ठ्यांबरोबर मुंबईला किंवा औरंगाबादला बदलून गेला. हैदराबादची मराठी वस्ती विरळ होऊ लागली आणि नेमक्या त्याच सुमारास एक कोल्हापूरकर उलट दिशेने शहरात आला.

जनरल सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश. जन्म कोल्हापूरचा, १९०३ चा. वडील निजामांच्या पदरी डॉक्टर, म्हणून लहानपणापासून हैदराबाद ओळखीचे. लष्करात ते १९ व्या हैदराबाद रेजिमेंटचे, जी पुढे कुमाऊँ रेजिमेंट म्हणून ओळखली गेली. १९५५ ते १९५७ ते लष्करप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर लगेच या कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. १९५७ च्या अखेरीस पहिले सत्र भरले. शाळेचा पहिला हेडमास्तर सेनापती असावा यात काहींना विसंगती वाटली असेल. पण आदेश द्यायची सवय आयुष्यभर मुरलेल्या माणसानेच अशी शाळा सुरू केली जिथे कोणी कोणाला आदेश द्यायचा नाही, ही त्या नेमणुकीतली खरी गोम होती.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. तिला सिंडिकेट म्हणत. दहाएक माणसांचा गट करायचा. त्यात एखादा सचिवालयातला उपसचिव, एखादा रेल्वेचा, एखादा पोलाद कारखान्यातला, एक-दोन खासगी कंपन्यांचे, एखादा बँकेचा, कधी लष्करातला. एका विषयाला एक जण अध्यक्ष आणि एक जण चिटणीस. विषय बदलला की दोघेही बदलले. प्राध्यापक खोलीत असला तरी व्याख्यान देत नसे. विषयाचे टिपण हातात मिळे आणि ग्रंथालयात वाचण्याजोगे काय आहे ते कळे. मग चर्चा, मग मसुदा, मसुद्यावर पुन्हा वाद, आणि शेवटी टाइप केलेला अहवाल घेऊन सगळे गट एका मोठ्या सभेत समोरासमोर. तिथे अध्यक्षाने आपल्या गटाची बाजू मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्या चिंध्या करायच्या.

कल्पना करा. ज्या साहेबाने गेली वीस वर्षे दुसऱ्यांच्या टिपणांवर लाल शाईने शेरे मारले, त्याला आता स्वतः चिटणीस होऊन टिपण लिहायचे आहे, आणि शेजारी बसलेला कारखानदार त्याला विचारतो आहे, ‘साहेब, माझा परवान्याचा अर्ज तुमच्या टेबलावर आठ महिने का पडून राहतो?’ परवाना हा शब्द त्या काळात श्वासासारखा होता. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली नवा कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना. १९५७ च्या परकीय चलनाच्या चणचणीनंतर यंत्राचा साधा सुटा भाग आणायलाही परवाना. कार्यालयात या दोघांची भेट टेबलाच्या दोन बाजूंना होत असे. इथे ते एकाच बाजूला बसले, एकाच भोजनगृहात जेवले, एकाच व्हरांड्यात संध्याकाळी फेऱ्या मारल्या. परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, नापास होण्याची सोय नव्हती. ज्यांना आयुष्यभर गुणपत्रिका पाहून निवडले गेले होते, त्यांना हे मोठे अवघड गेले असणार.

संस्थेच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचे बीज या सिंडिकेटच्या खोलीत आहे, असे माझे मत आहे. पद्धत उसनी होती, पण तिच्यात पडणारा माल इथला होता. हेन्लीच्या टिपणांत कामगार संघटना असत, भागधारक असत, स्पर्धक असत. हैदराबादच्या खोलीत सगळ्यात मोठा पक्ष सरकार हाच निघाला. तोच मालक, तोच परवाना देणारा, तोच गिऱ्हाईक आणि तोच भाव ठरवणारा. परदेशी पुस्तकात याचा धडा नव्हता. तो इथेच लिहावा लागणार होता.

श्रीनागेश १९५९ मध्ये आसामचे राज्यपाल होऊन गेले. पुढे १९६२ ते १९६४ आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून ते पुन्हा हैदराबादला आले. त्याच १९५९ साली नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले चिंतामणराव देशमुख. ते १९७३ पर्यंत, सलग चौदा वर्षे.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. एवढे मराठी वाचकाला ठाऊक असते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, हे तर पाठच असते. पण एक सांधा सहसा कोणी जोडत नाही. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती देशमुख अर्थमंत्री असताना. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये वटहुकमाने झाले तेही त्यांच्याच हातून. म्हणजे ज्या प्रचंड संस्थांना कारभारी मिळेनात, त्यांपैकी दोन त्यांनीच जन्माला घातल्या होत्या. आणि मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी पालकत्व घेतले ते कारभारी घडवणाऱ्या शाळेचे. घर बांधणाऱ्यानेच पुढे घर सांभाळणारी माणसे तयार करायला बसावे, तसे हे झाले.

अध्यक्ष म्हणून ते रोजच्या कामात लक्ष घालणारे नव्हते. तेव्हा त्यांच्यामागे विद्यापीठ अनुदान आयोग होता, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि आणखी कितीतरी. पण कॉलेजच्या नावामागे त्यांचे नाव असणे ही त्या काळात पतपेढीतल्या ठेवीसारखी गोष्ट होती. सरकारला विश्वास वाटे की इथे खासगी धंद्याची तरफदारी होणार नाही, आणि उद्योजकांना विश्वास वाटे की इथे सरकारी खाक्या चालणार नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई हैदराबादलाच स्थायिक झाले. मराठवाडा या शहरातून गेला, पण चिंतामणराव इथे आले आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले तेही इथेच.

दुसरे दशक (१९६६ ते १९७५) : प्रश्न इथलेच

पहिली दहा वर्षे शिकवण्यात गेली. दुसऱ्या दशकात शिकवणाऱ्यांच्या लक्षात आले की आपल्याजवळ शिकवायला पुरेसे भारतीय साहित्य नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या पाठ्यपुस्तकांत धंद्याचा मुख्य प्रश्न एकच असे : माल खपवायचा कसा? इथला कारखानदार विचारत होता, कच्चा माल मिळवायचा कसा? जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. आयात यंत्रावर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब रातोरात चुकला. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शहरातल्या शाखेत वाढलेल्या व्यवस्थापकाला शेतकऱ्याची पत कशी जोखायची हे शिकावे लागले. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणारा ग्राहक ज्या देशात आहे, तिथे बाजारपेठेचे संशोधन म्हणजे काय? रांग मोजणे? हा विनोद नाही. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत व्यवस्थापनाचे अर्धेअधिक कसब साठा, वाहतूक, वाटप आणि मंत्रालयाशी पत्रव्यवहार यांतच खर्ची पडे. त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायला आधी ही गोष्ट अभ्यासाच्या लायकीची आहे हे मान्य करावे लागते.

कॉलेजने ते मान्य केले. प्रशिक्षणाला सल्लागारी जोडली, सल्लागारीला संशोधन. एखादा उपक्रम किंवा खाते आपली अडचण घेऊन येई. प्राध्यापक तिथे जाऊन कागद पाहत, माणसांशी बोलत. अहवाल त्यांना जाई आणि त्यातून शिकलेले वर्गात येई. या चक्रामुळे इथला प्राध्यापक निव्वळ पुस्तकी राहिला नाही. उलट बाजूही सांगायला हवी. जो पैसे देतो तो प्रश्न ठरवतो, त्यामुळे ज्या प्रश्नांना गिऱ्हाईक नव्हते ते मागे पडले. सल्लागारीवर जगणाऱ्या सगळ्याच संशोधन संस्थांचे हे दुखणे आहे, एकट्या याच संस्थेचे नव्हे.

१९७१ पासून ‘ॲस्की जर्नल ऑफ मॅनेजमेंट’ हे नियतकालिक निघू लागले. भारतीय कारभारावर भारतात लिहिलेले लेख छापणारी जागा तेव्हा फारशी नव्हती, म्हणून त्याचे महत्त्व.

या दशकातले हैदराबाद एकट्या बेला व्हिस्टाचे नव्हते. शेजारीपाजारी त्याआधीच आणखी दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय हा इतिहास लंगडा पडेल. १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रमांच्या अभ्यासासाठी इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक एंटरप्राइज निघाली. माजी कॅबिनेट सचिव एस. एस. खेरा तिच्या संस्थापकांतले. आणि युसूफगुड्याला लघुउद्योगांसाठी ‘सिएट’, म्हणजे स्मॉल इंडस्ट्री एक्स्टेन्शन ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. ती १९६० मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि १९६२ मध्ये हैदराबादला आली.

सिएटमध्ये जे घडले ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचे म्हणणे असे की देशाची भरभराट नुसत्या भांडवलावर होत नाही, काहीतरी करून दाखवण्याची ऊर्मी माणसांत असावी लागते. आणि ती शिकवता येते. हे तपासायला त्यांनी आंध्रच्या किनाऱ्यावरचे काकीनाडा गाव निवडले. तिथल्या ५२ व्यापारी-उद्योजकांना १९६४ च्या सुमारास तुकड्यातुकड्यांनी सिएटमध्ये बोलावून काही दिवसांचे निवासी प्रशिक्षण दिले. तुलनेसाठी राजमहेंद्रीचे व्यापारी, ज्यांना प्रशिक्षण दिले नाही.

वर्गात काय चाले? एक चित्र दाखवायचे आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगायची. गोष्टीतला माणूस स्वस्थ बसला आहे की काही खटपट करतो आहे, यावरून लिहिणाऱ्याचे मन वाचायचे. दुसरा खेळ कड्या फेकण्याचा. जमिनीवर खुंटी, हातात कड्या, उभे कुठे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी अगदी जवळ उभा राहतो, म्हणजे चुकायला नको. कोणी लांब जातो, म्हणजे चुकले तरी लाज नाही. जो मधले, अवघड पण जमण्याजोगे अंतर निवडतो, तो धंदा वाढवणारा. जत्रेत कडी टाकून साबणाची वडी जिंकणाऱ्या आपल्यासारख्यांना या खेळात एवढे शास्त्र असेल असे वाटले नसते.

निष्कर्ष १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आले. प्रशिक्षण घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा जास्त नवे धंदे काढले, जास्त भांडवल घातले, जास्त माणसे कामावर ठेवली. जातपात आणि जुन्या चालीरीती यांमुळे हिंदू माणूस उद्योजक होत नाही, असे त्या काळी बडे विद्वान सांगत. काकीनाड्यात तसे काही दिसले नाही. प्रयोग लहान होता आणि त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण देशभर उद्योजकता विकासाचे जे वर्ग निघाले त्यांचे मूळ इथे आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात ज्यांनी कधी वर्ग केला असेल, त्यांना त्या वर्गाच्या खापरपणजोबाचे घर युसूफगुड्यात सापडेल.

तिसरे आणि चौथे दशक (१९७६ ते १९९५) : मधली वर्षे आणि मोठे वळण

संस्थांच्या इतिहासात मधली वर्षे नेहमी थोडक्यात आटोपली जातात. इथेही तेच करतो. काम वाढले, विषय वाढले. आरोग्य, ऊर्जा, ग्रामविकास, माहिती-व्यवस्था असे विभाग हळूहळू आकाराला आले. बंजारा हिल्सला ‘कॉलेज पार्क’ हे दुसरे आवार झाले. मतभेदही झाले. प्रशिक्षण आधी की संशोधन आधी, सरकारची कामे जास्त घ्यावीत की कंपन्यांची, यावर वाद झडले, काही जण सोडूनही गेले. असे वाद जिवंत संस्थेतच होतात; ते त्या त्या वेळी मिटले आणि आज त्यांची उजळणी करण्याचे कारण नाही.

शहरात मात्र या काळापर्यंत प्रशिक्षण संस्थांची दाटी झाली. ग्रामविकासाची राष्ट्रीय संस्था, पोलीस अकादमी, कृषी संशोधन व्यवस्थापनाची अकादमी, आणि १९८१ मध्ये अभियंत्यांचे वेगळे स्टाफ कॉलेज. ‘स्टाफ कॉलेज’ म्हटले की ‘कोणते?’ असा उलटा प्रश्न तेव्हापासून येऊ लागला.

या काळातले मोठे नाव एम. नरसिंहम यांचे. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, जागतिक बँक आणि नाणेनिधीत काम केलेले. त्यांनी या संस्थेची धुरा सांभाळली. १९९१ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला, सोने गहाण पडले, परवान्यांचे राज्य उठले, आणि बँकांचे काय करायचे हे ठरवायला सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष नरसिंहमच. पुन्हा १९९८ मध्येही तेच. आज आपण बुडीत कर्जांची मोजणी, भांडवलाचे प्रमाण, खासगी बँकांना मोकळीक असे शब्द सहज वापरतो; त्यांतले बरेचसे या दोन अहवालांतून आले. चिंतामणरावांच्या काळात ज्या बँकेचे सरकारीकरण झाले, तिच्यासकट सगळ्या सरकारी बँकांना पुन्हा बाजाराची सवय लावण्याचा आराखडा याच संस्थेशी नाते असलेल्या दुसऱ्या माणसाने काढला. संस्थेने बाजू बदलली असे कोणी म्हणेल. मला ते एकाच प्रश्नाचे दोन टप्पे वाटतात : सरकारने किती करावे आणि जे करील ते नीट कसे करावे.

पाचवे दशक (१९९६ ते २००५) : परवाना गेला, नियामक आला

परवाने उठल्यावर या कॉलेजची गरज संपेल असा काहींचा होरा होता. झाले उलटे. वीज, दूरसंचार, बंदरे, पाणी यांत खासगी कंपन्या आल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारे नियामक आयोग आले. वीजमंडळाच्या पोटातून निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या काढायच्या तर हिशेब कोण मांडणार, दर कशाच्या आधारे ठरणार, शेतीच्या विजेची तूट कोणाच्या खात्यावर? आंध्र प्रदेशाने १९९८ मध्ये वीजसुधारणेचा कायदा केला तेव्हा हे प्रश्न हैदराबादच्या रस्त्यावरच आले होते.

या क्षेत्रात संस्थेला टी. एल. शंकर यांच्यासारखा माणूस लाभला. सत्तरच्या दशकातल्या इंधन धोरण समितीचे ते सचिव होते. सार्वजनिक उपक्रमांच्या संस्थेचे संचालकपद आणि स्टाफ कॉलेजचे प्राचार्यपद ही दोन्ही त्यांनी भूषवली. घरातली चूल, शेतातला पंप आणि औष्णिक केंद्र यांचा एकाच ताळेबंदात विचार करण्याची शिस्त त्यांच्या पिढीने घातली. पुढे वीज खात्याचे माजी सचिव ई. ए. एस. शर्मा प्राचार्य झाले. सरकारी धोरणावर स्पष्ट बोलण्यासाठी ते ओळखले जातात.

२००१ मध्ये गच्चीबावलीत इंडियन स्कूल ऑफ बिझनेस सुरू झाली. काचेची, चकचकीत, जगाच्या क्रमवारीत नाव काढणारी. वर्तमानपत्रांचा सगळा प्रकाश तिकडे गेला हे मान्य करावे लागेल. तिथे तरुण पुढच्या नोकरीसाठी शिकतो. राजभवन रस्त्यावर पन्नाशीतला माणूस हातात असलेल्या नोकरीसाठी शिकतो. दोन्ही शाळांची गरज आहे, पण दुसरीचे फोटो चांगले येत नाहीत.

सहावे दशक आणि पुढे (२००६ पासून)

अलीकडच्या काळात कामाचा भर शहरांवर गेला. पाणी किती येते, किती गळते, किती घरांना मिळते, मैला कुठे जातो, कचरा कोण उचलतो आणि त्याचे पैसे कसे वसूल होतात. नगरपालिकेचा मुख्याधिकारी हा आता सिंडिकेटच्या टेबलावर बसणारा महत्त्वाचा माणूस आहे. तेराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून सार्वजनिक सेवांमधल्या नव्या प्रयोगांचे केंद्र याच संस्थेत स्थापन झाले. एका जिल्ह्यात एखाद्या हुशार अधिकाऱ्याने रेशन दुकानाचा किंवा दवाखान्याचा काही नवा प्रकार बसवला, की त्याची बदली होताच तो प्रकारही मरतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव. तो प्रकार नोंदवायचा, तपासायचा आणि दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचा, हे या केंद्राचे काम.

प्राचार्य या पदाचे आता महासंचालक झाले आहे. शाळेचा वास त्या जुन्या नावात जास्त होता, असे माझे खासगी मत. नियामक मंडळाचे अध्यक्षपद के. पद्मनाभय्या यांनी सांभाळले. ते माजी केंद्रीय गृहसचिव आणि महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. तेव्हा मराठी फाइलींशी संस्थेचा संबंध तुटलेला नाही असे म्हणायला हरकत नाही. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि १९५६ नंतर दुसऱ्यांदा या शहराने राज्य फुटताना पाहिले. कर्मचारी वाटणे, महामंडळे वाटणे, देणी वाटणे हे सगळे पुन्हा एकदा दाराशीच घडले.

या लेखात मोजकीच नावे आली. स्मरणिकेत नावे मोठ्यांची येतात, पण संस्था चालते ती ग्रंथपालांवर, सत्राआधी रात्री टिपणांच्या प्रती काढणाऱ्यांवर, टंकलेखकांवर, शंभर माणसांच्या शंभर पथ्यांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या भोजनगृहावर, माळ्यांवर. सेनापतीपासून सचिवापर्यंत सगळ्यांना वेळेवर चहा मिळाला म्हणूनच त्यांचे वाद सभ्य राहिले. या सर्वांचे श्रेय नावानिशी देता येत नाही, याची खंत आहे.

जाता जाता मराठी वाचकांना एक विनंती. पन्नास-साठच्या दशकापासून या कॉलेजात महाराष्ट्रातले कितीतरी अधिकारी, अभियंते, बँकवाले आणि कारखान्यांचे व्यवस्थापक येऊन गेले. त्यांनी घरी परतताना एक गठ्ठा आणला असणार : पिवळ्या पडलेल्या कागदावर टाइप केलेले सिंडिकेटचे अहवाल, समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी, बेला व्हिस्टाच्या पायऱ्यांवर काढलेला गटाचा काळापांढरा फोटो. परवान्याच्या काळात भारतीय कारखाना खरोखर कसा चालत होता, याचा अस्सल पुरावा अशा गठ्ठ्यांत आहे, कारण तो चालवणाऱ्यांनीच तो लिहिला आहे. वडिलांची किंवा आजोबांची जुनी ट्रंक उघडाल तेव्हा हे कागद रद्दीत घालू नका. फोटोमागे कोणाकोणाची नावे आहेत ती घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवा, आणि गठ्ठा एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करा.